ऑक्सफर्डच्या सभेतील एक विनोद

व्याख्यानात थोडा विनोद असावा, असे आपण सारेच मानतो. त्याने श्रोत्यांचा कंटाळा जातो आणि अवघड मुद्दाही सहज गळी उतरतो. पण हाच विनोद कधी कधी वक्त्यावर उलटतो. असे का होते? याचे एक बोलके उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आहे.

चार्ल्स डार्विनचा जीवजातींच्या उगमाविषयीचा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यानंतर सातच महिन्यांनी ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे वार्षिक अधिवेशन ऑक्सफर्डला भरले. शनिवार, ३० जून १८६० रोजी विद्यापीठाच्या नव्या संग्रहालयात एक सभा झाली. ठरलेला निबंध न्यूयॉर्कच्या ड्रेपर यांचा होता. परंतु ऑक्सफर्डचे बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स डार्विनच्या विरोधात बोलणार, ही बातमी आधीच पसरली होती. गर्दी इतकी झाली, की सभा मोठ्या दालनात हलवावी लागली. आजारपणामुळे डार्विन स्वतः आला नव्हता. अध्यक्षस्थानी त्याचे केंब्रिजमधील गुरू हेन्स्लो होते.

ड्रेपर यांचे लांबलचक भाषण ऐकून श्रोते कंटाळले होते. नंतर बोलणाऱ्या एका वक्त्याने फळ्यावर दोन बिंदू काढले आणि एकाला माणूस, दुसऱ्याला माकड समजा असे म्हटले. त्याचा ‘मंकी’ या शब्दाचा उच्चार जरा वेगळा होता. विद्यार्थ्यांनी तोच शब्द ओरडून ओरडून त्याला खाली बसवले, अशी आठवण पुढे एकाने लिहून ठेवली आहे. त्याचा मुद्दा काय होता, हे कोणाच्याच लक्षात राहिले नाही.

मग बिशप उभे राहिले. ते कसलेले वक्ते होते, गणितात प्रावीण्य मिळवलेले होते. त्यांचे आक्षेपही पोकळ नव्हते. प्राचीन इजिप्तमधील थडग्यांत सापडलेले प्राणी आणि वनस्पती आजच्यासारख्याच आहेत, मग जाती बदलतात कुठे, असा त्यांचा एक सवाल होता. हजारो वर्षांचा काळ उत्क्रांतीच्या मानाने फारच थोडा आहे, हे आज आपण जाणतो; पण त्या वेळी हा आक्षेप विचार करण्याजोगा होता. एवढ्यावर ते थांबले असते तर बरे झाते. पण सभेला हसवण्याच्या भरात त्यांनी व्यासपीठावरच्या टॉमस हक्सली यांना विचारले, की माकडाशी तुमचे नाते आजोबांकडून आहे की आजीकडून?

पस्तीस वर्षांचे हक्सली आदल्या दिवसापर्यंत या सभेला थांबणारही नव्हते. रॉबर्ट चेंबर्स यांनी आग्रह केला म्हणून ते राहिले होते. त्यांनी आधी शास्त्रीय मुद्द्यांना उत्तर दिले. मग ते म्हणाले, त्याचा आशय असा: एका बाजूला बापडे माकड आणि दुसऱ्या बाजूला बुद्धी व अधिकार लाभूनही गंभीर शास्त्रीय चर्चेत केवळ टवाळी आणणारा माणूस, यांतून आजोबा निवडायचे झाले, तर मी माकडालाच पसंती देईन. सभेत हास्याचा एकच कल्लोळ उडाला.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत आली ती विज्ञानाच्या दणदणीत विजयाची म्हणून. कागदपत्रे मात्र थोडे वेगळे सांगतात. त्या भाषणांची शब्दशः नोंद कोणीच केली नव्हती. ‘अथेनियम’ साप्ताहिकाने छापलेल्या वृत्तांतात ही चकमक नव्हती. हक्सली यांनी आपले उत्तर सप्टेंबर १८६० मध्ये एका मित्राला पत्राने कळवले. सर्वांत रंगतदार वर्णन १८९८ साली एका मासिकातील आठवणींत आले, म्हणजे अडतीस वर्षांनी! ऑक्सफर्डच्या एका स्थानिक वृत्तपत्रातील सविस्तर वृत्तांत २०१७ साली अभ्यासकांनी पुढे आणला, तेव्हा अशी चकमक खरोखर झाली होती याला बळकटी मिळाली. बिशपांना मात्र आपणच जिंकलो असे वाटत होते.

आणखी एक साक्ष महत्त्वाची आहे. डार्विनचे मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी दोनच दिवसांनी त्याला पत्र लिहिले. हक्सली यांचा आवाज एवढ्या मोठ्या सभेत पोचला नाही आणि बिशपांच्या कच्च्या दुव्यांवर त्यांनी नेमके बोटही ठेवले नाही, असे हूकर म्हणतात. म्हणून शेवटी हूकर स्वतः बोलायला उठले. बिशपांनी ग्रंथ वाचलेला दिसत नाही आणि वनस्पतिशास्त्राची मूळाक्षरेही त्यांना ठाऊक नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. हूकर यांची बाजू पुराव्याने जड होती. पण लोकांच्या ध्यानात राहिला तो माकडाचा विनोद.

या सभेत तीन वेळा हशा पिकला आणि तिन्ही हशे निराळे होते. पहिला एका माणसाच्या उच्चारावरचा. त्याने मुद्दाच बुडाला. दुसरा प्रतिपक्षाच्या घराण्यावरचा. त्याने बिशपांच्या चांगल्या आक्षेपांचेही वजन गेले. तिसरा हक्सलींचा. तोही टोचणारा होता, पण त्याचा रोख टवाळीवर होता. आपल्या पत्रात हक्सली सांगतात, की हशा ओसरल्यावर उरलेले म्हणणे लोकांनी अतिशय लक्षपूर्वक ऐकले. विनोदाचे खरे काम एवढेच आहे. तो दार उघडतो. आत काय न्यायचे, ते वक्त्याजवळ आधीच असावे लागते.

हक्सली जन्मतः वक्ते नव्हते. १८५२ सालचे त्यांचे एक जाहीर व्याख्यान चांगलेच फसले होते आणि त्यावर श्रोत्यांकडून उपदेशाची पत्रेही आली होती. ती त्यांनी मनावर घेतली. १८६८ साली नॉर्विच येथे कामगारांपुढे ते बोलले, तेव्हा विषय होता साधा खडूचा तुकडा. त्या तुकड्यातून त्यांनी समुद्रतळाचा आणि सूक्ष्म जीवांचा इतिहास उलगडला. त्यासाठी कोणाची टर उडवण्याची गरज पडली नाही.

आपल्या वर्गात एखादा मुलगा ‘ष’ आणि ‘श’ यांत गल्लत करतो, एखादी मुलगी गावाकडच्या बोलीत उत्तर देते. तेव्हा सहज सुचलेला विनोद जिभेवर येतो आणि सारा वर्ग हसतोही. पण ते मूल पुन्हा हात वर करत नाही. आपल्याच फजितीचा किस्सा सांगून, किंवा आपल्या अंदाजाला निसर्गाने कसा चकवा दिला हे दाखवूनही वर्ग हसवता येतो. त्या हसण्यात ते मूलही सामील होते आणि पुढचा प्रश्न कदाचित तेच विचारते.