तीन लोंब्यांचा इतिहास

शेताचा किंवा बागेचा एक हंगाम संपला म्हणजे मनुष्याच्या पदरीं दोन गोष्टी पडतात : एक पीक व दुसरा धडा. पीक कोठारांत जातें व त्याचें मोजमापही होतें; धडा मात्र बहुधा पुढल्या पावसाबरोबर वाहून जातो. तो कोणाच्या हातीं टिकून राहिला तर त्यांतून काय निष्पन्न होऊं शकतें, ह्याचें एक ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या पूर्व टोकास घडलेलें आहे. तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच आमचा हेतु.

सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा चंद्रपूर जिल्ह्यांतील मुलूख झाडीपट्टींत मोडतो. रान दाट, पाऊस भरपूर आणि मुख्य पीक धानाचें. सावली तालुक्यांत आसोलामेंढ्यासारखा विस्तीर्ण तलाव आहे. त्याखेरीज गांवोगांवीं जुने तलाव व बोड्या आहेत. मालगुजारी १९५१ सालीं संपुष्टांत आली, तरी त्या काळच्या तलावांस लोक अजून ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. मृगांत परे टाकावयाचे, बांधींत चिखल करून रोवणी करावयाची, निंदण काढावयाचें व दिवाळीच्या सुमारास विळा चालवावयाचा, हा येथील क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

ह्याच क्रमांत १९८३ सालीं नागभीड तालुक्यांतील नांदेड ह्या खेड्यांत दादाजी रामाजी खोब्रागडे ह्यांस आपल्या शेतांतील ‘पटेल ३’ जातीच्या धानांत तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांचा रंग पिवळसर व दाणा बारीक होता. खोब्रागडे ह्यांची शेती अवघी दीड एकर आणि शिक्षण तिसऱ्या इयत्तेपर्यंतचें. तथापि त्यांनीं त्या लोंब्या राशींत मिसळूं दिल्या नाहींत. दाणे जपून ठेवले, पुढल्या वर्षीं शेताच्या मध्यभागीं वेगळे पेरले आणि रानडुकरांपासून रक्षण व्हावें म्हणून भोंवतीं कांटेरी झुडपें लावलीं. पुढें कित्येक हंगाम हाच क्रम त्यांनीं चालविला.

ह्यास केवळ दैवयोग म्हणतां येणार नाहीं. धानाचें फूल प्रायः स्वतःच्याच परागानें फळतें. त्यामुळें वेगळी निघालेली लोंबी वेगळी राखली, तर तिचे गुण बहुतांशीं पुढें टिकून राहतात. डेन्मार्कमधील योहान्सन ह्या शास्त्रज्ञानें घेवड्याच्या दाण्यांवर प्रयोग करून शुद्ध वंशाचा हा सिद्धान्त १९०३ सालीं प्रसिद्ध केला होता. खोब्रागडे ह्यांनीं तो ग्रंथांत वाचला नव्हता. त्यांस तो बांधींत सांपडला. दोघांच्याही यशाचें मूळ एकच : दर हंगामीं बारकाईनें पाहणें, निवडणें आणि निवडलेलें इतरांपासून अलग ठेवणें.

१९९० च्या सुमारास हा तांदूळ बाजारांत गेला. त्यास नांव नव्हतें. तेव्हां त्या काळीं लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून व्यापाऱ्यानें त्यास ‘एच्. एम्. टी.’ म्हटलें. नांव रूढ झालें, तांदूळ दूरवर पसरला. परंतु त्या नांवांत तो वाण शोधणाराचा मागमूसही उरला नाहीं. पुढें अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें १९९८ सालीं ‘पीकेव्ही-एचएमटी’ ह्या नांवानें सुधारलेला वाण प्रसृत केला आणि श्रेयासंबंधीं वाद उत्पन्न झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानें खोब्रागडे ह्यांच्या कार्याची दखल घेतल्यावर २००५ सालीं राष्ट्रपति अब्दुल कलाम ह्यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. त्यांनीं ‘डीआरके’, ‘नांदेड चिन्नोर’ इत्यादि आणखी वाणही निवडून काढले. तथापि अखेरचीं वर्षें त्यांनीं हलाखींत काढलीं. ३ जून २०१८ रोजीं त्यांचें निधन झालें.

इंग्लंडांत गिल्बर्ट व्हाइट ह्या पाद्र्यानें १७५१ सालीं आपल्या बागेची रोजनिशी लिहावयास घेतली. काय पेरलें, केव्हां उगवलें, थंडीनें काय गेलें, एवढेंच तींत असे. पण ती लिहिलेली असल्यामुळें आज पावणेतीनशें वर्षांनंतरही त्याच्या बागेचा हंगाम अभ्यासकांस वाचतां येतो. व्हाइटपाशीं फुरसत होती, कागद होता, विद्वान् मित्र होते. झाडीपट्टींतील अल्पभूधारकापाशीं ह्यांतलें काय असावें ? निरीक्षणाची दृष्टि मात्र दोघांस सारखीच लाभली होती. जोतीराव फुले ह्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ सालीं, म्हणजे त्या तीन लोंब्यांच्या बरोबर शंभर वर्षें आधीं. शेतकऱ्याच्या मुलास विद्या मिळाली पाहिजे, हा त्यांतील आग्रह किती दूरदृष्टीचा होता, हें ह्या कथेवरून ध्यानांत येतें.

२००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यासही वाण-निर्माता म्हणून मान्यता दिली आहे व त्यास आपला वाण स्वतःच्या नांवें नोंदवितां येतो. परंतु त्यासाठीं वाणाचा उगम व गुण नमूद करावे लागतात आणि असा तपशील ऐन वेळीं आठवून सांगणें कठीण. म्हणून आमची सुशिक्षित कुटुंबांस एक सूचना आहे. ज्यांचें गांवाशीं नातें अजून शिल्लक आहे, त्यांनीं दिवाळींत घरीं गेल्यावर वडीलधाऱ्यांस विचारावें : कोणतें बियाणें राखलें, कोठून आणलें, कोणत्या सालीं काय वेगळें दिसलें. उत्तरें सालवारीनें एका वहींत उतरवून घ्यावीं आणि ती वही बियाण्याशेजारींच ठेवावी.