वजन घटविणारी शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वी पुढील दहा वर्षांचा विचार हवा

प्रतिनिधी, अहिल्यानगर

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया, अर्थात बॅरिॲट्रिक सर्जरी, हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला तो दोन घटनांमुळे. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे २०१७ मध्ये इजिप्तमधील इमान अहमद या अतिस्थूल महिलेवर मुंबईच्या सैफी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तिचे वजन बरेच घटले. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबी येथे उपचार सुरू असताना तिचे निधन झाले. एक रुग्ण सार्वजनिक जीवनात पूर्ववत वावरू लागला, तर दुसऱ्या रुग्णाला वजन घटूनही हृदय व मूत्रपिंडाच्या विकारांतून बाहेर येता आले नाही. शस्त्रक्रियेचे यश केवळ वजनकाट्यावर मोजता येत नाही, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात यावे.

शस्त्रक्रिया सहसा एक-दोन तासांत आटोपते आणि रुग्ण काही दिवसांत घरी परततो. त्यानंतरचे आयुष्य मात्र निराळ्या शिस्तीने जगावे लागते. अहिल्यानगरसारख्या क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. शस्त्रक्रिया पुण्यात किंवा मुंबईत झाली, तरी नंतरची देखभाल अकोले, पाथर्डी किंवा जामखेडच्या घरातच व्हायची असते.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बीएमआय हा पहिला निकष आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंची आणि ९० किलो वजन असलेल्या व्यक्तीचा बीएमआय सुमारे ३५ येतो. भारतीयांमध्ये कमी बीएमआयलाही मधुमेह व हृदयविकार जडतात. म्हणून २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमती-निवेदनात ३७.५ किंवा त्याहून अधिक बीएमआय, अथवा सहव्याधी असल्यास ३२.५, अशी शस्त्रक्रियेची मर्यादा सुचविण्यात आली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली. तथापि मर्यादेत बसणे आणि शस्त्रक्रिया आवश्यक असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. लग्न जमविण्यासाठी दहा-पंधरा किलो वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी हा मार्ग मुळीच नाही.

प्रचलित पद्धती दोन आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात व उरलेले जठर केळ्यासारखे नळीच्या आकाराचे होते. काढलेला भाग परत जोडता येत नाही. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलिलिटरची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. त्यामुळे अन्न कमी घेतले जाते आणि काही पोषक द्रव्ये कमी शोषली जातात. दोन्ही पद्धतींत भुकेशी संबंधित संप्रेरकांमध्येही बदल होतात.

लाभ किती, मर्यादा कोणती?

स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात दहा वर्षांनंतर बायपास झालेल्यांचे वजन मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी कमी राहिलेले आढळले. याच अभ्यासाच्या २०२० मधील निष्कर्षानुसार, शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ रुग्णांपेक्षा सरासरी ३ वर्षांनी अधिक होते. मात्र सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत ते सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. लाभ खरा आहे, पण जोखीम पूर्णपणे पुसली जात नाही, असा याचा अर्थ.

मधुमेहाबाबतही तसेच. अमेरिकेतील १५० रुग्णांच्या एका चाचणीत पाच वर्षांनी रक्तातील साखरेचे तीन महिन्यांचे सरासरी प्रमाण ६ टक्के किंवा त्याखाली ठेवण्यात बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्के आणि केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ५ टक्के रुग्ण यशस्वी ठरले. म्हणजे शस्त्रक्रिया औषधांपेक्षा सरस ठरली, पण बहुसंख्य रुग्णांना हे उद्दिष्ट गाठता आले नाही. वजन बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली येते व त्यानंतर काही प्रमाणात पुन्हा वाढते. ‘मधुमेह कायमचा जाईल’ हे आश्वासन म्हणूनच जपून ऐकावे.

ताटातील बदल

पहिले काही आठवडे पातळ, नंतर मऊ आणि मग घट्ट अन्न असा क्रम असतो. त्यानंतरही घास लहान, चावणे सावकाश आणि जेवताना पाणी नाही, हे नियम कायम राहतात. पंगतीतील आग्रह येथे घातक ठरतो. एक भाकरी व वाटीभर पिठले एका वेळी संपविणेही अनेकांना जमत नाही. पोटात जागा थोडी असल्याने प्रथम प्रथिने घ्यावी लागतात. दररोज सुमारे ६० ते ८० ग्रॅम प्रथिनांचे उद्दिष्ट सांगितले जाते. माळकरी किंवा पूर्ण शाकाहारी कुटुंबांनी डाळ, ताक, दही, पनीर, सोयाबीन यांची आखणी आहारतज्ज्ञाकडून आधीच करून घ्यावी.

राज्यातील पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभारणाऱ्या या जिल्ह्यात गोड पदार्थ कोणत्याही प्रसंगातून वगळले जात नाहीत. बायपासनंतर मात्र रसवंतीवरील एक पेला उसाचा रस किंवा गुळाचा मोठा खडा खाल्ल्यानेही धडधड, घाम, पोटात मुरडा व जुलाब होऊ शकतात. यास डम्पिंग म्हणतात. निर्जळी उपवास टाळावा आणि एकादशी, नवरात्राबाबत डॉक्टरांशी आधी बोलावे. साबुदाण्यावर दिवस काढल्यास प्रथिनांची तूट पडते.

दीर्घकाळचे धोके

लोह, ब१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व ब१ यांची कमतरता हा सर्वांत नेहमीचा धोका होय. पूरक गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. चहासोबत लोहाची गोळी घेतल्यास ती नीट शोषली जात नाही. हाडे ठिसूळ होणे, पित्ताशयात खडे होणे, पहिल्या काही महिन्यांत केस गळणे व त्वचा लोंबणे याही तक्रारी आढळतात. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते. बायपासनंतर वर्षांनीही आतडे अडकून अचानक तीव्र पोटदुखी उद्भवू शकते. ती अंगावर काढणे जिवावर बेतू शकते.

ग्रामीण भागातील दोन सवयींकडे विशेष लक्ष हवे. मेडिकल दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि तंबाखू किंवा मिश्री यांमुळे बायपासच्या जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होण्याची शक्यता असते. तसेच सतत उलट्या होत असलेल्या रुग्णास ब१ न देता ग्लुकोजचे सलाईन लावल्यास मेंदूच्या गंभीर विकाराचा धोका वाढतो. आपली शस्त्रक्रिया झाली आहे, हे गावातील डॉक्टरला प्रथम सांगावे. त्यासाठी डिस्चार्ज कार्डची प्रत नेहमी जवळ ठेवावी.

मधुमेह व रक्तदाबाची औषधे पूर्वीच्याच मात्रेत सुरू ठेवल्यास साखर किंवा दाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो. स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असे सुचविले जाते. वजन घटल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते, तर बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही.

मनावरही परिणाम होतात. अमेरिकेतील २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांमध्ये एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी घटले. मात्र अपघात, आत्महत्या आदी आजाराव्यतिरिक्त कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. बायपासनंतर मद्य लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, हेही सिद्ध झाले आहे. ज्यांना आधीपासून नैराश्य वा व्यसन आहे, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अन्य पर्याय आणि खर्च

२०२५ मध्ये टिर्झेपाटाइड (माउंजारो) व वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) ही इंजेक्शने भारतात उपलब्ध झाली. त्यांनी वजन लक्षणीय घटते, पण बंद केल्यास बहुधा पुन्हा वाढते. शस्त्रक्रियेआधी या पर्यायाची चर्चा अवश्य करावी.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरविलेल्या अटींनुसार १८ वर्षांवरील रुग्णाचा बीएमआय किमान ४०, किंवा हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध अथवा अनियंत्रित मधुमेह यांपैकी गंभीर सहव्याधीसह ३५ असेल, तरच विमा कंपन्यांना हा खर्च वगळता येत नाही. वैद्यकीय मर्यादा आणि विम्याची मर्यादा यांत फरक आहे. प्रतीक्षा कालावधीही तपासून पाहावा. गोळ्या, प्रथिनांची पावडर, तपासण्या व प्रवास यांचा वर्षानुवर्षांचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

होकार देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

- माझ्यासाठी हीच पद्धत का? ती पूर्ववत करता येते का?
- आपल्याकडील किती रुग्ण पाच वर्षांनंतरही तपासणीस येतात व त्यांचे वजन किती राहिले?
- आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ पथकात आहेत का?
- तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यातील आणि त्यानंतरच्या वार्षिक तपासण्या माझ्या तालुक्याजवळ कोठे करता येतील?
- रात्री-अपरात्री पोटदुखी झाल्यास फोन कोणाला करावा?

अतिस्थूल व सहव्याधींनी त्रस्त रुग्णासाठी शस्त्रक्रिया न करण्यातही धोका असतो, हे विसरून चालणार नाही. म्हणून भीतीपोटी नकार किंवा जाहिरातीवरून होकार, दोन्ही टाळावेत. वरील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत, घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसह सर्वांशी बोलावे आणि वार्षिक तपासणीची सोय जवळपास होत असल्याची खात्री झाल्यावरच शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी.