सावेदादांची कुस्ती आणि आत्याचे अनारसे

गेली काही वर्षे दिवाळीत आमच्या घरी एक नवा रिवाज पडला आहे. अनारसे तळायला बसण्यापूर्वी सारी मंडळी माझ्या दिवंगत आत्याला पाहतात. पुतण्याने मोबाइलवर टिपलेली ती चार मिनिटे यूट्यूबवर आहेत. पीठ किती मऊ हवे ते आत्या तळहाताने दाबून दाखवते आणि मध्येच चित्र घेणाऱ्यालाच दटावते, "अरे, आधी गॅस बारीक कर!" आम्ही हसतो, आणि कुणीतरी मुकाट्याने गॅस बारीक करतो.

भोवतालचे चित्र आपणच टिपावे, ही हौस आपण समजतो तितकी अर्वाचीन नाही बरे का! ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवण्यात आली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे लोकांचे सावेदादा, हे व्यवसायाने छायाचित्रकार. या नव्या विद्येने ते भारून गेले. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये चक्क एक कुस्ती टिपली. फिल्म धुवायला पुन्हा विलायतेला! १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचे स्वागतही त्यांनी टिपले. ना कथा, ना नटनट्या. समोर घडले ते घेतले, एवढेच.

पुढे शतकभर चित्रे काढणारे थोडे आणि पाहणारे अगणित, असा मामला होऊन बसला. घरोघर कॅमेरा आला तरी घोडे अडले ते दाखवण्यापाशी. लग्नाची कॅसेट दाखवायची, तर पाहुण्याला घरात कोंडायचे!

ही कोंडी २००५ साली अमेरिकेत फुटली. चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम या तरुणांनी यूट्यूब काढले. २३ एप्रिलला त्यावर पहिले चित्र चढले. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात करीम हत्तींपुढे उभा राहतो, त्यांच्या लांब सोंडांचे कौतुक करतो आणि १९ सेकंदांत खेळ खलास! खरी करामत पडद्याआड होती. कोणी कसल्याही प्रकारची फाइल पाठवो, यंत्र तिला एकाच साच्यात बसवी आणि फ्लॅशच्या साहाय्याने ती त्या पानावरच चालू लागे. पाहणाऱ्याला आधी काही उतरवून घेण्याचा खटाटोप उरला नाही. २००६ च्या ऑक्टोबरात गूगलने १६५ कोटी डॉलरांचा सौदा जाहीर केला.

२००७ पासून निवडक चित्रकर्त्यांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळू लागला, आणि माझ्या मते खरे वळण तेथेच आले. हौसेचा धंदा झाला. आमच्या आत्याने कॅमेऱ्याकडे धड पाहिलेही नाही. आजची सुगरण कढई तापण्याआधीच घंटा दाबायला सांगते. तिला तरी दोष कसा द्यावा? कित्येकींची चूल त्यावरच पेटते. २०१६ साली जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले, त्याच वर्षी 'भाडिपा'ची मराठी मंडळी याच वाटेने पुढे आली. चित्रपटगृहाच्या मालकाचे पाय धरावे लागले नाहीत.

सावेदादांची ती कुस्ती आज पाहायला मिळत नाही. करीमचे हत्ती आहेत, आत्याही आहे. पण परक्या कंपनीच्या कोठारात. पुतण्याचा जुना मोबाइल केव्हाच मोडीत गेला. म्हणून यंदा वसुबारसेला त्याला बसवून ती चार मिनिटे एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. तो आता आत्याच्या पितळी डब्यात आहे, खसखशीच्या पुडीशेजारी.