उष्ण हवामानातील सायकलस्वारी व जलसंतुलन

सायकल चालवताना घामावाटे शरीराबाहेर गेलेले पाणी व क्षार योग्य प्रमाणात भरून काढणे, यास जलसंतुलन राखणे असे म्हणतात. उष्ण वा दमट हवेत हे संतुलन बिघडल्यास कार्यक्षमता घटते आणि दुर्लक्ष झाल्यास उष्माघाताचा धोका वाढतो. महाराष्ट्रात हा प्रश्न विदर्भात, विशेषतः नागपूर येथे, ठळकपणे जाणवतो. कारण कोरडा उन्हाळा व दमट उकाडा हे दोन्ही येथे एकाच वर्षात अनुभवास येतात.

नागपूरचे हवामान

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, समुद्रापासून दूर वसलेले आहे. मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२ ते ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंशांची नोंद झाली. सूर्याच्या रोहिणी नक्षत्रातील प्रवेशानंतरचे, म्हणजे साधारणतः २५ मेपासूनचे नऊ दिवस 'नवतपा' म्हणून ओळखले जातात. या काळात हवा अतिशय कोरडी असते. जूनच्या मध्यास पाऊस येतो, पारा उतरतो, पण आर्द्रता वाढते. पावसाने उघडीप दिली की उकाडा असह्य होतो. पावसाळ्याच्या अखेरीसही, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हाच अनुभव येतो.

शरीरातील प्रक्रिया

स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी केवळ २० ते २५ टक्के ऊर्जा पायट्यापर्यंत पोहोचते. उरलेली उष्णतेच्या रूपाने शरीरातच राहते. १५० वॅट शक्तीने सायकल चालवणाऱ्याच्या शरीरात सुमारे ५०० वॅट उष्णता निर्माण होते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा (सुमारे ३५ अंश) अधिक झाले की वारा शरीर थंड करण्याऐवजी तापवू लागतो आणि घामाचे बाष्पीभवन हाच उष्णता बाहेर टाकण्याचा एकमेव मार्ग उरतो. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. या हिशेबाने वरील सायकलस्वाराला केवळ स्वतःच्या स्नायूंची उष्णता घालवण्यासाठी ताशी पाऊण लिटर घामाची वाफ व्हावी लागते. उन्हाची व तापलेल्या रस्त्याची भर वेगळीच.

कोरड्या व दमट हवेतील फरक येथे महत्त्वाचा ठरतो. मे महिन्यात घाम येताक्षणी सुकतो. अंग कोरडे दिसते, म्हणून पाणी किती गेले याचा अंदाज येत नाही. पावसाळ्यात उलट स्थिती असते: घाम निथळतो, पण त्याची वाफ होत नाही, म्हणजे पाणी जाते आणि शरीर मात्र थंड होत नाही. अशा वेळी पाणी पिणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते. वेग कमी करणे आणि सावलीत थांबणे हाच खरा उपाय होय.

घामाचे मोजमाप

घामाचे प्रमाण व्यक्तीनुसार बदलते. ते साधारणतः ताशी अर्धा ते दोन लिटर असते. ते घरीच मोजता येते. स्वारीपूर्वी व नंतर कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करावे. वजन ७० किलोवरून ६९.२ किलो झाले आणि तासाभरात अर्धा लिटर पाणी प्यायले गेले असेल, तर घाम सुमारे १.३ लिटर गेला असे समजावे. वजनातील घट दोन टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास उष्ण हवेत दमछाक लवकर होते. गडद पिवळी व अल्प लघवी हीदेखील पाणी कमी पडत असल्याची खूण आहे.

पेये व त्यांचे प्रमाण

लांबच्या स्वारीत साधारणतः ताशी ४०० ते ८०० मिलिलिटर पाणी, दर १५-२० मिनिटांनी थोडे थोडे असे प्यावे. तासाभराच्या फेरीला साधे पाणी पुरते. त्याहून अधिक काळ घाम गेल्यास मीठ व साखरही लागते, कारण एक लिटर घामातून सरासरी सुमारे एक ग्रॅम सोडियम जाते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घरगुती जलसंजीवनी तयार होते.

कैरीचे पन्हे, मीठ घातलेले ताक व लिंबू सरबत या घरोघरच्या पेयांतून पाण्याबरोबर मीठही मिळते. उसाच्या रसात साखर फार असल्याने चालत्या स्वारीत तो पोटात जड पडतो. थांबल्यावर घेणे बरे. मद्य टाळावे. मूत्रपिंड, हृदय, रक्तदाब वा मधुमेहाचा विकार असणाऱ्यांनी मीठ-साखरेचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे.

अतिरिक्त पाण्याचा धोका

घामापेक्षा अधिक साधे पाणी तासन्‌तास प्यायल्यास रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली जाऊ शकते. डोकेदुखी, मळमळ, हातापायांवर सूज व गोंधळलेपण ही त्याची लक्षणे होत. ती उष्म्याच्या त्रासासारखीच भासतात. स्वारीनंतर वजन वाढलेले आढळल्यास पाणी गरजेपेक्षा अधिक झाले असे समजावे.

उष्माघात व प्रथमोपचार

पेटके, चक्कर, अतिथकवा ही पूर्वसूचना होय. शरीराचे आंतरिक तापमान ४० अंशांच्या वर जाऊन बडबड, तोल जाणे वा बेशुद्धी दिसल्यास तो उष्माघात समजावा. श्रमाने आलेल्या उष्माघातात घाम सुरूही असू शकतो. 'घाम येतो आहे, म्हणजे ऊन लागलेले नाही' ही समजूत घातक ठरते. रुग्णास सावलीत न्यावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतून वारा घालावा, शक्य असल्यास थंड पाण्यात बसवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

नागपुरातील प्रथा व उपाययोजना

उन्हाळ्यात चौकाचौकांत पाणपोया लागतात; डोके व कान दुपट्ट्याने झाकण्याची रीत सर्वत्र आढळते. हौशी सायकलस्वार मे महिन्यात पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी परततात. दूधवाले, सायकलरिक्षाचालक व सायकलने कामावर जाणारे मजूर यांना मात्र वेळेची निवड करता येत नाही. त्यांच्यासाठी वाटेवरील पाणी व सावली हाच आधार असतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा राबवल्यानंतर नागपूर महानगरपालिकेनेही २०१६ मध्ये तसा आराखडा हाती घेतला. पूर्वसूचना, जनजागृती व आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही अशा आराखड्यांची मुख्य अंगे होत.

शरीराला उष्म्याची सवय होण्यास १० ते १४ दिवस लागतात. त्यानंतर घाम लवकर व अधिक येतो आणि त्यातील मीठ घटते. याचा अर्थ सराव झालेल्या सायकलस्वाराला पाणी कमी नव्हे, तर अधिक लागते.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. या स्पर्धेचा आरंभीचा टप्पा कॅलिफोर्निया व ॲरिझोनातील वाळवंटी प्रदेशातून जातो.

हे सुद्धा पहा

* उष्माघात
* जलसंजीवनी
* नवतपा
* सायकल