इकडील सर्व क्षेम?

आपल्याकडे पत्राची सुरुवात ‘इकडील सर्व क्षेम’ अशी व्हायची. घरात आजारपण असो की गावात दुष्काळ, हे वाक्य ठरलेलं. रणांगणावरची पत्रंही बहुधा अशीच असतात. घरच्यांचा जीव टांगणीला लागू नये म्हणून लिहिलेली. स्पेनमधून एका तरुण कवीनं धाडलेलं पत्र मात्र निराळं आहे.

जुलै १९३६ मध्ये स्पेनच्या लोकनियुक्त सरकारविरुद्ध लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केलं. लवकरच जनरल फ्रँको त्यांचा म्होरक्या झाला. हिटलर आणि मुसोलिनी बंडखोरांच्या मदतीला धावले; ब्रिटन आणि फ्रान्सनं हात झटकले. पुढच्या दोन वर्षांत पन्नासहून अधिक देशांतले सुमारे ३५ हजार स्वयंसेवक सरकारच्या बाजूनं लढायला गेले. त्यांत आपल्या नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दारही होते. ‘जॉन स्मिथ’ या नावानं ते लढले आणि १९३८ मध्ये फ्रँकोच्या कैदेत पडले.

यांतल्या बहुतेकांच्या आधी, ऑगस्ट १९३६ मध्येच, केंब्रिजचा वीस वर्षांचा पदवीधर जॉन कॉर्नफर्ड तिथं पोहोचला होता. चार्ल्स डार्विनचा हा पणतू. अरागॉनच्या आघाडीवरून त्यानं मैत्रीण मार्गॉट हाइनमनला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात मर्दुमकीच्या गोष्टी फारशा नाहीत. आहे तो नुसतं वाट पाहत बसण्याचा कंटाळा आणि भाषा येत नसल्यानं चारचौघांतही जाणवणारा एकटेपणा. थोडे दिवस राहावं, चार गोळ्या झाडाव्यात आणि परतावं, असा त्याचा मूळ बेत. पण हातचं राखून लढता येत नाही, हे तिथं उमगलं. तेही त्यानं लिहून टाकलं.

आजारपणामुळे सप्टेंबरात तो मायदेशी परतला. तिथंच थांबला असता, तर कुणी बोल लावला नसता. युद्ध कसं असतं, हे आता त्याला ठाऊक होतं. तरीही ऑक्टोबरात तो पुन्हा निघाला, माद्रिदला लढला, आणि डिसेंबरअखेर लोपेरा गावाजवळ मारला गेला. नुकतीच त्याला एकविसावी पुरी झाली होती.

लढायांच्या तारखा इतिहासाच्या पुस्तकांत मिळतात. पण कंटाळलेला, एकाकी पडलेला माणूस सारं कळूनही पुन्हा तिकडेच का जातो, हे समजून घ्यायचं तर अशी पत्रंच वाचावी लागतात.