खोऱ्यांतील ताप आणि प्रयोगशाळेंतील बुरशी

शास्त्राच्या इतिहासांत शोधकांचीं नांवें ठळक अक्षरांनीं लिहिलीं जातात. शोधाची दिशा ज्या अपघातानें बदलली, त्याची नोंद बहुधा कोपऱ्यांतच राहते. ‘कॉक्सिडिऑइडीस’ नांवाच्या बुरशीचा इतिहास मात्र असा आहे कीं, त्यांतून अपघात वगळला तर त्याचा अर्थच लागत नाहीं. म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१८९२ सालीं ब्वेनोस आयरेस येथें अलेहांद्रो पोसादास या तरुण अभ्यासकानें एका सैनिकाच्या भयंकर त्वचारोगाचें वर्णन केलें. रोगट मांसांत त्यास जाड कवचाचे सूक्ष्म गोल दिसले, व ते एखाद्या एकपेशीय प्राण्याचे असावेत असा तर्क त्यानें केला. पुढें कॅलिफोर्नियांतही तसेच रोगी आढळले. १८९६ सालीं रिक्सफर्ड व गिल्ख्रिस्ट यांनीं त्यांची हकीकत प्रसिद्ध केली आणि स्टाइल्स या तज्ज्ञाच्या मतानें त्या जीवास ‘कॉक्सिडिऑइडीस इमायटिस’ हें नांव दिलें. ‘इमायटिस’ म्हणजे ‘सौम्य नव्हे तो’. डोळ्यांदेखत रोगी दगावलेले पाहणाऱ्यांस दुसरें नांव सुचणें कठीणच होतें. काचनळ्यांतून वारंवार उगवणारी पांढरी बुरशी ही बाहेरून शिरलेली घाण, असें मानून तिच्याकडे दुर्लक्ष झालें. १९०० सालीं ओफ्यूल्स व मॉफिट यांनीं दाखविलें कीं, ती ‘घाण’ हेंच रोगाचें कारण. शरीरांत गोल आणि बाहेर बुरशी, अशीं एकाच जीवाचीं हीं दोन रूपें.

तरीही हा रोग दुर्मिळ व प्राणघातकच, ही समजूत कायम राहिली. ती मोडली १९२९ सालीं. स्टॅनफर्ड येथें अर्नेस्ट डिक्सन यांच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या हॅरल्ड चोप नांवाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या श्वासाबरोबर एका जुन्या संवर्धनांतील बीजाणू छातींत गेले. त्यास न्यूमोनिया झाला, पायांवर दुखऱ्या लाल गाठी उठल्या. आतां हा वांचत नाहीं असेंच भोंवतालच्यांस वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु तो बरा झाला! ज्या जीवाचें नांवच ‘सौम्य नव्हे’, त्यानें एका तरुणास आजारी पाडून सोडून दिलें, ही गोष्ट डिक्सन यांस विचार करावयास लावणारी होती.

कॅलिफोर्नियाच्या सॅन वॉकीन खोऱ्यांत धुळीच्या दिवसांत येणारा, गाठी उठविणारा एक ताप लोकांस पूर्वींपासून ठाऊक होता. कर्न परगण्यांतील डॉक्टर मर्नी गिफर्ड यांचेंही लक्ष त्याकडे वेधलें होतें. त्यांच्या व डिक्सन यांच्या अभ्यासांतून १९३६ ते १९३८ या काळांत निश्चित झालें कीं, हा ‘खोऱ्याचा ताप’ त्याच बुरशीचा आहे. पुढें चार्ल्स स्मिथ यांनीं हें काम विस्तारलें. बहुसंख्य लोकांस लागण कळतही नाहीं, थोड्यांस ताप येतो, आणि अगदीं मोजक्यांच्या शरीरांत ती हाडें, त्वचा वा मेंदूच्या आवरणापर्यंत पसरते, असें दिसून आलें. दुसऱ्या महायुद्धांत त्या भागांतील लष्करी विमानतळांवर त्यांच्या सल्ल्यानें हिरवळ लावून व रस्ते पक्के करून धूळ दाबण्यांत आली, आणि लागण पुष्कळ घटली.

येथें वाचक विचारतील कीं, जो रोग बहुधा आपोआप बरा होतो, त्याच्या बुरशीस प्रयोगशाळेंत एवढें कां भ्यावें? उत्तर तिच्या रचनेंत आहे. जुनें संवर्धन वाळूं लागलें म्हणजे बुरशीचे तंतू तुटतात आणि काहीं मायक्रॉन लांबीचे बीजाणू मोकळे होतात. बशीचें झांकण उचलतांच ते हवेंत तरंगतात व थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोंचतात. उघड्या मैदानांत धुळीबरोबर थोडे बीजाणू श्वासांत जातील. एका बशींत मात्र ते अगणित असतात. उलट रोग्याच्या शरीरांतील गोल हवेंत उडत नाहींत, म्हणून रोग्याजवळ बसणाऱ्यास सहसा भय नाहीं. भय आहे तें दूरच्या खोलींत बशी उघडणाऱ्यास.

यासाठींच आज नियम आहे कीं, हें संवर्धन उघड्या मेजावर हाताळूं नये, वास घेऊन पाहूं नये. बशीऐवजीं घट्ट आट्यांच्या झांकणाची नळी वापरावी. ती गाळलेल्या हवेच्या बंदिस्त पेटींतच उघडावी. खोलींतील हवा बाहेरच्या वाटेनें आंत येऊं देऊन गाळल्याविना बाहेर सोडूं नये. आणि काम संपल्यावर सर्व साहित्य दाबाखालील वाफेनें निर्जंतुक करावें.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असेंही म्हणतां येणार नाहीं. आज कितीतरी मराठी कुटुंबांचीं मुलें कॅलिफोर्नियांत व ॲरिझोनांत राहतात, व आईबाप तेथें जाऊन येतात. परतल्यावर खोकला व ताप हटला नाहीं, तर त्या प्रवासाची गोष्ट वैद्यास अवश्य सांगावी. वैद्यानेंही ती प्रयोगशाळेस कळवावी. हें एक वाक्य न सांगितल्यास रोग्याचें निदान लांबतेंच. शिवाय कोणी अनभिज्ञ तंत्रज्ञ, नेहमींची बुरशी समजून, ती बशी उघडतो.

२००२ सालीं या बुरशीच्या दोन जाती मानण्यांत आल्या, व दुसरीस पोसादासचें नांव मिळालें. त्याच्या नांवाचें असें स्मारक झालें. चोप याचें स्मारक त्या साध्या नियमांत आहे, जो पाळल्यानें पुढच्या विद्यार्थ्यास त्याचा अनुभव घ्यावा लागत नाहीं.