चिपाडाची वीज, तुसाची वाफ : महाऊर्जेची सहवीज वाटचाल

महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, ही संस्था जुलै १९८५ मध्ये नोंदली गेली आणि वर्षभराने, जुलै १९८६ मध्ये, तिचे प्रत्यक्ष काम सुरू झाले. अपारंपरिक ऊर्जा म्हणजे सौर चूल आणि गोबर गॅस, एवढीच बहुतेकांची समजूत असण्याचा तो काळ. राज्याच्या सहकारी साखर कारखान्यांच्या आवारात मात्र विजेचा एक मोठा साठा पडून होता.

शंभर टन ऊस गाळला की सुमारे तीस टन बगॅस, म्हणजे चिपाड, उरतो. जुने बॉयलर कमी दाबाचे, दर चौरस सेंटीमीटरला साधारण २१ किलोचे. बगॅसचे ढीग साचू नयेत म्हणून तो कसाही जाळून टाकणे हीच तेव्हाची सोय होती. दाब ६७ किंवा ८७ किलोवर नेला की चित्र पालटते. वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि तिथून बाहेर पडलेली तीच वाफ रस आटवते. इंधन एकच, कामे दोन. हीच सहवीज. अडचण तंत्राची नव्हती, पैशाची होती. नवा बॉयलर, टर्बाइन आणि उपकेंद्रापर्यंतची वाहिनी हा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात बसत नव्हता.

केंद्र सरकारने १९९४ मध्ये बगॅस सहवीज कार्यक्रम हाती घेतला. विजेला युनिटमागे २ रुपये २५ पैसे आणि दरवर्षी पाच टक्के वाढ, अशी मार्गदर्शक तत्त्वे आली. पण मार्गदर्शक तत्त्व वेगळे आणि आदेश वेगळा. कर्ज देणाऱ्या बँकेला आदेशच कळतो. तो येण्यासाठी राज्य वीज नियामक आयोग स्थापन व्हावा लागला (१९९९). आयोगाने १६ ऑगस्ट २००२ रोजी बगॅस सहविजेला पहिल्या वर्षी ३ रुपये ०५ पैसे दर ठरवून दिला. त्याच सुमारास साखर विकास निधीतून सहवीज प्रकल्पांना कर्ज मिळण्याची तरतूदही झाली. सहविजेची खरी सुरुवात या दोन निर्णयांपासून धरावी लागेल.

पुढचे टप्पे भराभर आले. वितरण कंपन्यांनी २००६-०७ मध्ये एकूण विजेच्या तीन टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यावी आणि २००९-१० पर्यंत हे प्रमाण सहा टक्क्यांवर न्यावे, असे बंधन आले. ऑक्टोबर २००८ च्या राज्य धोरणाने सहविजेसाठी १,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले. सहकारी कारखान्यांच्या प्रकल्पांत शासनाने स्वतःचे भागभांडवल घातले आणि ऊस खरेदी करात सवलत दिली. महाऊर्जेकडे प्रस्ताव तपासण्याचे आणि पाठपुराव्याचे काम होते. श्रेय मात्र अनेकांचे आहे : जोखीम पत्करणारी संचालक मंडळे, कारखाना उभा करणारे सभासद, नव्या दाबाच्या बॉयलरवर हात बसवणारे कामगार आणि वाहिन्या टाकणारे वीज अभियंते.

वाट सरळ नव्हती. वीज हंगामापुरती, आणि दुष्काळात हंगामच आखडतो. वस्तू व सेवा करामुळे २०१७ मध्ये ऊस खरेदी कर गेला, तेव्हा त्यातली सवलतही निरर्थक झाली. सौर वीज स्वस्त झाल्यावर सहविजेचे दरही स्पर्धात्मक निविदांनी ठरू लागले आणि पाच रुपयांच्या आत आले. त्यावर उतारा म्हणून २०२४ मध्ये राज्य सरकारने युनिटमागे दीड रुपयाचे, एका वर्षापुरते, अनुदान जाहीर केले. तरीही २०२० च्या धोरणात सहविजेचे उद्दिष्ट १,३५० मेगावॅटचे राहिले, ही बाब नोंदवण्याजोगी आहे.

उसाच्या या कहाणीत गोंदिया जिल्ह्याचे नाव सहसा येत नाही. गोरेगाव तालुका धानाचा. सहविजेतल्या उष्णतेची गरज ठिकाणागणिक वेगळी. जर्मनीत २००२ च्या कायद्याने इमारतीच्या तळघरात बसवलेल्या छोट्या सहवीज संचालाही युनिटमागे अधिमूल्य मिळू लागले, कारण तिथे हिवाळ्यात घर तापवावे लागते. इकडे घराला ती गरज नाही. वाफ लागते ती उसना (उकडा) तांदूळ करणाऱ्या राईस मिलला. धान भिजवायचे, वाफवायचे, वाळवायचे, आणि हे सारे भरडाईत निघालेल्या तुसावर. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूसच असते. त्याच्या राखेत सिलिका भरपूर, त्यामुळे बॉयलरच्या नळ्या झिजतात. बगॅसपेक्षा हे इंधन हाताळायला अवघड.

केंद्राच्या मे २०१८ च्या योजनेत याची दखल दिसते. बगॅस सहविजेला मेगावॅटमागे २५ लाख रुपये, तर बगॅसेतर जैवभाराच्या सहविजेला ५० लाख. नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमातही उद्योगांमधील बगॅसेतर सहविजेला मेगावॅटमागे ४० लाख, कमाल पाच कोटी, अशी मदत ठेवली गेली. लहान मिलची गरज मेगावॅटच्या अंशाचीच असते, त्यामुळे एकट्या मिलच्या पदरी यातून फारसे पडत नाही. दोन-चार मिलनी मिळून एक बॉयलर आणि एक टर्बाइन चालवण्याचा विचार करायला मात्र हा आकडा पुरेसा आहे.